शस्त्रक्रिया मोफत, विश्रांती मात्र विकत

शासनाच्या आरोग्यखात्याची जाहिरात निघाली, की तिच्यात एक आकडा हमखास असतो : अमुक इतक्या शस्त्रक्रिया मोफत झाल्या. हा आकडा खोटा असतो असे म्हणण्याचे कारण नाही. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेचे नाव काढताच जी गोरगरीब कुटुंबे हात टेकत असत, त्यांना २०१२ साली सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेने दिलासा दिला. २०१७ पासून महात्मा फुले यांचे नाव घेऊन हीच योजना पुढे चालू आहे, आणि तिचे हे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. आक्षेप आहे तो मोजण्याच्या रीतीवर. मोजणी सुरू होते रुग्ण खाटेवर पडल्यावर आणि संपते तो खाटेवरून उठल्यावर. खाटेपर्यंत तो कसा पोचला आणि खाट सोडल्यावर त्याचे काय झाले, हे विचारणारा रकानाच त्या तक्त्यात नाही.

‘पॅकेज’ हा शब्द आरोग्यखात्याच्या बोलीत आता इतका रुळला आहे, की त्याचे कोणाला काही वाटेनासे झाले आहे. पित्ताशयाचे एक पॅकेज, मोडलेल्या मांडीचे दुसरे, कर्करोगाच्या गाठीचे तिसरे. महात्मा फुले योजनेच्या पॅकेजात रुग्णाला घरी परतण्याचे एस.टी.चे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे एकदा देण्याची तरतूद आहे. ती करणाऱ्याच्या मनात माणुसकी होती यात शंका नाही. आयुष्मान भारत योजनेच्या नियमांतही दाखल होण्यापूर्वीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस इतक्या अवधीतील औषधपाण्याचा व तपासण्यांचा खर्च धरलेला आहे. म्हणजे आजार खाटेच्या अलीकडे सुरू होतो व पलीकडेही चालतो, हे शासनाला ठाऊक नाही असे नव्हे. ठाऊक असूनही त्याने त्याची किंमत लावली ती केवळ गोळ्यांची आणि एस.टी.च्या तिकिटाची. पोटावर ताजे टाके घेऊन माणूस आपल्या गावच्या थांब्यावर उतरला, की शासनाची जबाबदारीही त्याच्याबरोबर खाली उतरते.

घरी सोडताना रुग्णाच्या हातात जे डिस्चार्ज कार्ड पडते, ते बहुधा इंग्रजीत असते. त्यावर औषधांच्या नावांखाली सूचना असतात, आणि परिचारिका घाईघाईने त्या मराठीत सांगते : विश्रांती घ्या, सकस खा, जड काम करू नका. सूचना योग्यच आहेत. हर्नियाच्या वा गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर आतले स्नायू सांधून येण्यास वेळ लागतो; गर्भाशय काढल्यावर चार ते सहा आठवडे तरी ओझे उचलू नये असे शल्यचिकित्सक सांगतात, आणि ते खरे आहे. परंतु बँकेतल्या कारकुनाला ही सूचना केली तर तो वैद्यकीय रजेचा अर्ज भरतो. बांधकामावरच्या बिगाऱ्याला किंवा शेतावर मोलाने जाणाऱ्या बाईला केली तर तिचा अर्थ होतो, सहा आठवड्यांची मजुरी बुडवा, आणि ज्या दिवसांत कमाई शून्य त्याच दिवसांत डाळ, अंडी व दूध यांवरचा खर्च वाढवा. हा सल्ला देणारा डॉक्टर दुष्ट नसतो. त्याच्या पाठ्यपुस्तकात जे असते ते तो सांगतो. त्याच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाची हजेरी कोण मांडतो, हे त्या पुस्तकात नसते.

यानंतर काय घडते ते सर्वांना माहीत आहे. तिसऱ्या आठवड्यात माणूस कामावर जातो. टाक्यांना पू धरतो, हर्निया पुन्हा उतरतो, बसवलेला सांधा ढिला पडतो. मग सुशिक्षितांच्या बैठकीत ठरलेला शेरा ऐकू येतो : ‘या लोकांना पथ्य म्हणून पाळता येत नाही. वेळेवर येत नाहीत, ड्रेसिंगला फिरकत नाहीत, आणि मग डॉक्टरांच्या नावाने बोंब मारतात.’ या शेऱ्यात जो उर्मटपणा आहे तो क्षणभर बाजूला ठेवून त्यातील वस्तुस्थिती तपासावी. मधुमेहाने पायाला जखम झालेला शेतमजूर घ्यावा. त्याचे ड्रेसिंग दिवसाआड व्हायला हवे. त्यासाठी तालुक्याला जायचे, तर जाण्यायेण्याचे भाडे, रांगेत गेलेला दिवस, त्या दिवसाची त्याची मजुरी आणि सोबत्याचीही मजुरी. दोनतीन खेपांत हा हिशेब त्याच्या ताकदीबाहेर जातो. मग तो घरीच हळद लावून फडके गुंडाळतो. जखम चिघळते, पायाचे बोट कापावे लागते. पुढे पाऊल जाते, त्याच्यापुढे गुडघ्याखालचा पाय. या प्रत्येक वेळी नवी शस्त्रक्रिया होते, नवे पॅकेज मंजूर होते आणि जाहिरातीतल्या आकड्यात एकाची भर पडते. घराजवळ दिवसाआड ड्रेसिंग मिळाले असते तर यातील एकही शस्त्रक्रिया कदाचित लागली नसती. पण जी शस्त्रक्रिया झालीच नाही तिची जाहिरात कशी करणार? हयगय झाली हे खरे. ती कोणी केली एवढाच मुद्दा आहे.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांचे प्रकरण या संदर्भात पुन्हा वाचले पाहिजे. २०१९ साली त्याचा बराच बोभाटा झाला, विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. देश हादरला, आणि थोड्याच दिवसांत रीतीप्रमाणे सावरलाही. चर्चा झाली ती मुख्यतः खाजगी दवाखान्यांच्या लोभाची. तो लोभ होताच. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खाजगी दवाखान्यांनी अशी शस्त्रक्रिया करू नये असा निर्बंध त्यानंतर घालण्यात आला, तेही ठीक झाले. परंतु या बायका शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत कोणत्या वाटेने आल्या आणि तेथून उठून कोठे गेल्या, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दवाखान्याबाहेर, उसाच्या फडात आहेत.

फडात नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. दोघांपैकी एकाने जरी दिवस पाडला तरी खाडा धरला जातो व तो उचलीत वळता होतो. फडाजवळच्या पालांवर ना न्हाणी ना संडास. पहाटे अंधारात निघायचे, दिवसभर वाकून तोडायचे, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची. पाळीच्या दिवसांतही यातून सुटका नाही. अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, जंतुसंसर्ग हे मग ओघानेच आले. अशा बाईला कोणी सांगितले, की पिशवी काढली म्हणजे कटकट मिटेल, तर तिने काय करावे? संसर्ग औषधाने बरा होऊ शकतो. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले गेले तर हाडे लवकर ठिसूळ होतात. शस्त्रक्रियेनंतर दीड महिना मोळी उचलता येणार नाही : हे तिला आधी समजावून सांगण्याची जबाबदारी कोणावरही नव्हती. शस्त्रक्रियेसाठी पैसा पुष्कळदा मुकादमाकडूनच उचलला गेला आणि तो फेडण्यासाठी टाके पुरते भरण्याआधीच कोयता हातात घ्यावा लागला. त्यांतल्या कितीतरी जणींनी पुढे सांधेदुखी, पाठदुखी आणि मनाचे खच्चीकरण यांची तक्रार केली. ज्या शस्त्रक्रियेने खाडे वाचायचे होते तिने बाई कायमची अधू झाली. लोभी डॉक्टर उद्या साधू बनले तरी उचल आणि खाडा जोवर आहेत, तोवर बरे होण्याची सवड या बाईला मिळणार नाही.

शस्त्रक्रियेआधीची तयारी म्हणजे रात्री बारानंतर काही खाऊ नका, एवढीच समजूत आपल्याकडे रूढ झाली आहे. वस्तुतः या तयारीत पुष्कळ गोष्टी येतात. रक्तातले हिमोग्लोबिन कमी असेल तर तातडी नसताना ते आधी वाढवायला हवे. साखर आटोक्यात आणायला हवी. बिडी सोडवायला हवी आणि श्वासाचे व्यायाम शिकवायला हवेत, म्हणजे नंतर छातीत कफ साठत नाही. आणि या सर्वांच्या आधी, आपल्या शरीराचे काय होणार आहे हे रुग्णाला त्याच्या भाषेत कळायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात याविषयी निःसंदिग्ध निर्णय दिला आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व बीजकोश काढण्यात आले होते. न्यायालयाने ती संमती ग्राह्य मानली नाही आणि उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय रुग्णाला समजल्याखेरीज संमती ही संमतीच नव्हे असे सांगितले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही माहितीचा हक्क आहे, एवढेच नव्हे तर रुग्णशिक्षणाचाही आहे. प्रत्यक्षात मात्र शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री वॉर्डात छापील कागद फिरतो आणि जेथे फुली मारलेली असते तेथे अंगठा उठतो.

समजावून सांगण्यास डॉक्टरला वेळ नाही, हे उत्तर अर्धे खरे आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या प्रमाणानुसार शिक्षण-रुग्णालयांत तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्रपाळीला एकदा जाऊन यावे, म्हणजे या प्रमाणाची काय अवस्था आहे ते कळेल. पण या कामासाठी निराळा माणूस हवा, ही जाणीव आपल्या देशात स्वातंत्र्याच्याही आधी झाली होती. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहता कामा नये, हे तत्त्व त्याने मांडले. त्याच साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातील पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. रुग्णाच्या घरची स्थिती जाणून घ्यायची, त्याला व घरच्यांना उपचारासाठी तयार करायचे, आणि घरी गेल्यावर तो पुन्हा उभा राहतो की नाही ते पाहायचे, असे हे काम. सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ या नावाने हे पद आजही आहे. परंतु शिधापत्रिका तपासा, दाखला आणायला सांगा, योजनेत बसत नाही म्हणून सांगा, बेवारस रुग्णाची नोंद करा, या कामांतच त्याचा दिवस सरतो. योजनेच्या खिडकीवर जो ‘आरोग्यमित्र’ बसवलेला असतो त्याचे मित्रत्वही कागदपत्रांपुरते असते. रुग्णाशी मैत्री करण्यास त्याला नेमलेलेच नाही. ज्याने माणसाची चौकशी करावी त्याला पात्रतेची चौकशी करायला बसवले, हा आपल्या कल्याणकारी राज्याचा प्रवास आहे.

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथांवर कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक प्लॅस्टिकच्या कागदाखाली राहतात, हे दृश्य मुंबईला नवीन नाही. एका किरणोपचाराच्या आणि दुसऱ्या किरणोपचाराच्या मधले दिवस त्यांनी कोठे काढावेत? गाडगेबाबांना हा प्रश्न पडला होता. लिहितावाचता न येणाऱ्या त्या माणसाने जे. जे.जवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली, आणि त्यांच्या नावाने चाललेली दादरची धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते. बाबा १९५६ साली गेले. त्यांना जे दिसले ते त्यानंतरच्या सात दशकांत नगरविकास खात्याला दिसू नये, आणि गिरण्यांच्या त्याच परळ-लालबागच्या जमिनींवर मनोरे मात्र उभे राहावेत, यावर अधिक भाष्याची गरज नाही.

घरी परतलेल्या रुग्णाची काळजी घेते कोण? आई, बायको, सून, लेक. जखम पुसणे, कूस बदलणे, लघवीची पिशवी रिकामी करणे, गोळ्यांच्या वेळा सांभाळणे हे सर्व काम पगारी परिचारिका करते तेव्हा त्याला कौशल्य म्हणतात. घरची बाई करते तेव्हा कर्तव्य. अलीकडे काही संस्था रुग्णालयांत नातेवाइकांचे वर्ग घेऊन त्यांना ही कामे शिकवू लागल्या आहेत. हे वर्ग उपयुक्त आहेत, त्यांना विरोध करणे वेडेपणाचे होईल; हात स्वच्छ धुऊन ड्रेसिंग करायला शिकलेली बाई आपल्या माणसाचा जीव वाचवू शकते. परंतु तिला शिकवले म्हणून परिचारिकेची जागा भरण्याचे कारण उरले नाही, असा सोयीस्कर निष्कर्ष खात्याने काढू नये. ती बाईसुद्धा मजुरीलाच जाणारी असते. एका दुखण्याने घरातल्या दोन मजुऱ्या बुडतात, आणि पुष्कळदा शाळेतून काढलेल्या मुलीच्या रूपाने तिसरे नुकसान होते. ही रक्कम आरोग्याच्या कोणत्याही अंदाजपत्रकात खर्ची पडत नाही. ती पडते ती सावकाराच्या वहीत.

‘हे सर्व ऐकायला बरे आहे, पण एवढा पैसा आणायचा कोठून?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांना या देशाचेच कायदे वाचून दाखवले पाहिजेत. आजारपणात औषधाइतकीच मजुरीही लागते, हे तत्त्व कामगार राज्य विमा कायद्याने १९४८ सालीच मान्य केले. विमाधारक कामगाराला आजारपणात वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो, आणि काही दीर्घ आजारांत त्याहून अधिक काळ व अधिक दराने. आजारपणाच्या भत्त्याची ही तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. तिचा लाभ मात्र कारखान्याच्या वा नोंदलेल्या आस्थापनेच्या हजेरीपटावर ज्याचे नाव आहे त्याला, आणि तोही महिना २१,००० रुपयांच्या वेतनमर्यादेत. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरणी कामगाराची नोकरी गेली, तेव्हा त्याच्या आजारपणाचा भत्ताही तिच्याबरोबर गेला, ही गोष्ट त्या संपाच्या जमाखर्चात फारशी कोणी मांडत नाही. पण मालक रोज बदलतो अशा कामगाराला हे संरक्षण देताच येत नाही, हाही बहाणा महाराष्ट्रात चालणार नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने ते करून दाखवले : माल हलवणाऱ्या प्रत्येक मालकाकडून मजुरीवर लेव्ही घ्यायची, ती मंडळात जमा करायची, आणि मंडळाने हमालाला रजा, भविष्यनिर्वाह निधी व दवाखाना द्यायचा. साखर कारखाना टनावारी ऊस मोजून घेतो. तेथे आजारपणाची लेव्ही मोजणे अवघड कसे?

घरी जाऊन पाहण्याची व्यवस्थाही या राज्याला अपरिचित नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्यास शिकवले, बालमृत्यू घटले, आणि त्या अनुभवाच्या आधारे २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती दवाखान्यात बाळंत झालेल्या स्त्रीच्या घरी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा खेपा घालते. बाळंतिणीच्या घरी जी पायवाट गेली ती हर्नियाच्या रुग्णाच्या घरी जाऊ शकत नाही असे थोडेच आहे! केरळने २००८ साली परिहार-सेवेचे धोरण स्वीकारले आणि पंचायतींमार्फत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी परिचारिका पाठवल्या. मात्र येथे एक सावधगिरी हवी. हे कामही आशांच्याच पदरात आणखी एका किरकोळ मोबदल्यावर टाकण्याचा मोह शासनाला होईल. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला होता. दुसऱ्याच्या विश्रांतीची व्यवस्था तिसऱ्याच्या वेठबिगारीवर उभी करायची नाही. पूर्णवेळ, पगारी परिचारिका हवी.

चळवळीतल्या कार्यकर्त्यांनीही या प्रश्नाकडे थोडे निराळ्या नजरेने पाहण्याची वेळ आली आहे. वस्तीतला माणूस आजारी पडला, की कार्यकर्ता धावतो. चिठ्ठी देतो, फोन करतो, खाट मिळवून देतो, धर्मादाय रुग्णालयाने नाकारले तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेची आठवण करून देऊन निर्धनांसाठीच्या दहा टक्के खाटांवरून भांडतो. हे मोलाचे काम आहे आणि ते करणारे फार थोडे उरले आहेत. पण खाट मिळाली की धावपळ संपते, आणि महिन्याभराने तोच माणूस पू धरलेली जखम घेऊन दारात उभा राहतो. खाटेसाठी होणारे भांडण एकेका रुग्णापुरते असते. विश्रांतीच्या मजुरीची मागणी ही संघटनेची मागणी आहे, कारण ती मुकादमाशी, ठेकेदाराशी आणि शासनाशी एकाच वेळी भिडते.

मागण्या अवघड नाहीत. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराने जितके दिवस विश्रांती लिहून दिली, तितक्या दिवसांचे किमान वेतन महात्मा फुले योजनेतूनच रुग्णाच्या खात्यात जमा व्हावे. ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या महामंडळाने आजारपणाचा खाडा उचलीतून वळता करण्यास बंदी घालवून घ्यावी व तो स्वतः भरावा. डिस्चार्ज कार्ड मराठीत असावे. ड्रेसिंग आणि टाके काढणे यांसाठी रुग्णाला तालुक्याला जावे न लागता ते उपकेंद्रात व्हावे. समाजसेवा अधीक्षकांची पदे भरली जावीत आणि त्यांच्या टेबलावरचे दाखल्यांचे गठ्ठे दुसऱ्याकडे द्यावेत. तोपर्यंत प्रत्येक तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी आपल्या उपजिल्हा रुग्णालयाला तीन गोष्टी विचाराव्यात : समाजसेवा अधीक्षकाची व परिचारिकांची मंजूर पदे किती व भरलेली किती, गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी महिन्याच्या आत किती जणांना पुन्हा दाखल करावे लागले, आणि घरी सोडलेल्या रुग्णांपैकी किती जणांची नंतर कोणी चौकशी केली. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्यासाठी दहा रुपयांचा अर्ज पुरतो.